अबव्ह-ग्राउंड पूल खराब झालाय, दुरुस्त करू की नवा घेऊ?

एप्रिल संपत आला, बर्फ गेलं, बॅकयार्डात जमिनीवर उभ्या केलेल्या पोहण्याच्या पूलवरचं कव्हर ओढून काढलं आणि बघताय तर पाणी निम्म्यावर आलंय, किंवा एका बाजूची टॉप रेल वाकलीये, नाहीतर बाहेरच्या पत्र्यावर स्किमरपासून (भिंतीतलं, वरचं पाणी ओढून घेणारं खोकं) खाली गंजाचा लांब ओघळ उतरलाय. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, तिकडे टोरांटोच्या आसपास घर घेतलेल्या आपल्या बऱ्याच लोकांवर पहिल्याच वसंतात ही वेळ येते, कारण पूल घरासोबत आलेला असतो, किती वर्षांचा आहे, लायनर (आतलं व्हिनाइलचं अस्तर) कधी बदलला, हिवाळ्यात नीट बंद केला होता का, यातलं काहीच माहीत नसतं. मग कोणी म्हणतं टाकून द्या नि नवा घ्या, कोणी म्हणतं पॅच मारा, अजून दहा वर्षं काही होत नाही. पूल न बघता दिलेल्या सल्ल्याला काही अर्थ नाही.

मी हे लिहितेय ते ज्यांनी याआधी पूल कधी सांभाळलेला नाही त्यांच्यासाठी. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते: पूलचा निर्णय भिंतीवर होतो. लायनर, पंप, फिल्टर, शिडी, वरच्या रेल, स्किमर, हे सगळे सुटे पार्ट आहेत, बदलता येतात. पण ती गोल फिरवलेली पत्र्याची भिंत आणि तिच्याखालची लेव्हल केलेली जमीन म्हणजेच पूल. भिंत धड असेल तर बाकी कितीही वाईट दिसत असलं तरी दुरुस्तीचा विचार करा, आणि भिंत गेली असेल तर वरून कितीही चकचकीत असला तरी त्यावर नवा लायनर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

आधी हे करू नका: पूल रिकामा करू नका

खराब दिसला की पहिली इच्छा होते ती सगळं पाणी काढून साफ करून बघायची. थांबा. पाण्याचं वजनच लायनरला ताणून जागेवर ठेवतं आणि भिंतीलाही आतून आधार देतं. जुना व्हिनाइलचा लायनर रिकामा होऊन उन्हात दोन दिवस पडला की आखडतो, नि पुन्हा पाणी भरलं की पूर्वीसारखा ताणला जात नाही, तळाच्या कडेला किंवा स्किमर आणि रिटर्नच्या (फिल्टरमधून पाणी परत आत येतं ते तोंड) भोकांपाशी फाटतो. म्हणजे एका छोट्या पॅचवर भागलं असतं तिथे नवा लायनर आला. शिवाय रिकाम्या पूलची पातळ भिंत जोराच्या वाऱ्यात आत कोसळू शकते. लायनर बदलायचाच ठरला तर पाणी काढायचं, तोपर्यंत नाही.

याला अपवाद एकच. भिंत कुठे बाहेर फुगलेली दिसतेय, उभ्या सांध्यातून पाणी येतंय, किंवा पत्र्याला चीर पडलीये, तर मुलं-कुत्री सगळ्यांना त्या बाजूपासून लांब ठेवा आणि विरुद्ध बाजूने सबमर्सिबल पंप सोडून पाणी हळूहळू उतरवा, पंपाची वायर जीएफसीआय (वीज गळली की लगेच बंद होणाऱ्या) आउटलेटलाच लावायची. हे मी घाबरवायला म्हणून सांगत नाहीये. २४ फुटी गोल पूलमधे ४ फूट पाणी असलं की ते साधारण साडेतेरा हजार गॅलन होतं, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या वर. पुण्यात सोसायटीला दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे पाच टँकर एका पातळ पत्र्याने धरून ठेवलेत असं समजा. तळाशी प्रत्येक चौरस फुटावर जवळपास २५० पौंड दाब असतो. गोल पूलमधे तो दाब बाहेरचे उभे खांब झेलत नाहीत, ती भिंत स्वतःच पट्ट्यासारखी ताणली जाऊन झेलते. त्यामुळे एका जागी पत्रा फाटला की चीर तिथेच थांबेल याची काही खात्री नसते, आणि भिंत फुटली की सगळं पाणी काही क्षणांत बाहेर येतं.

तुमचा पूल कुठल्या प्रकारचा आहे

वर हवेची रिंग असलेला किंवा पाइपांच्या फ्रेमवर जाड प्लॅस्टिकचं कापड ताणलेला असेल तर फार डोकं लावायची गरज नाही. हे पूल काही मोसमांपुरतेच असतात. छोटं भोक असेल तर पॅच मारा, एखादा पाइप किंवा टी-जॉइंट मोडला असेल तर तेवढा पार्ट मागवा, पण कापड शिवणीवर उसवायला लागलं किंवा उन्हाने कडक होऊन भेगाळलं की तो काढून टाकायचा.

याच प्रकारच्या पूलबद्दल एक गोष्ट मात्र दुरुस्त करायलाच हवी, पूल नवा दिसत असला तरी. जुलै २०२५ मधे अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलिग्रुपच्या मिळून सुमारे ५० लाख पूलचा रिकॉल जाहीर केला. ४८ इंच किंवा त्याहून उंच असलेले हे पूल २००२ पासून विकले जात होते, आणि त्यांच्या काही मॉडेलमधे खांबांच्या बाहेरून एक पट्टा फिरवलेला असतो, त्यावर पाय देऊन लहान मूल वर चढू शकतं. नऊ लहान मुलांचे जीव गेलेत. कंपन्या तो पट्टा बदलायला फुकट किट देतात. तुमच्याकडे असा बाहेरून पट्टा असलेला पूल असेल, सेकंडहँड घेतलेला असेल तरीही, आधी ते किट मागवा आणि ते येईपर्यंत लहान मुलांना त्याच्या जवळपास एकटं जाऊ देऊ नका.

आता इथून पुढचं सगळं पत्र्याच्या किंवा रेझिनच्या (कडक प्लॅस्टिकच्या) भिंतीच्या पूलबद्दल, कारण खरा घोळ तिथेच असतो.

पाणी जातंय कुठे ते शोधा

पाणी कमी झालं म्हणजे गळतंय असं लगेच धरू नका, उन्हाळ्यात वाफ होऊनच रोज पाव इंचाच्या आसपास पाणी जातं, कोरडा वारा असेल तर जास्त. म्हणून बादलीची टेस्ट करा. एक बादली पाण्याने भरून पूलच्या शिडीच्या पायरीवर ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी एका लेव्हलला आणायचं, दोन्हीकडे मार्करने खूण करायची, २४ तासांनी बघायचं. दोन्ही सारखंच उतरलं तर वाफ. पूलचं जास्त उतरलं तर गळती. २४ फुटी पूलमधे एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ २८० गॅलन होतं, त्यामुळे "एवढुसं तर उतरलंय" म्हणून सोडून देऊ नका, ते पाणी तुमच्याच भिंतीच्या बुडाशी जाऊन बसतंय.

ही टेस्ट एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असतानाच जास्त जात असेल तर दोष पाइप, फिल्टर नाहीतर रिटर्नच्या बाजूला आहे, आणि ही चांगली बातमी, कारण ते सगळं बाहेर आहे नि स्वस्तात सुटतं. पंप बंद असतानाही तेवढंच जात असेल तर पाणी कुठे येऊन थांबतं ते बघा. स्किमरच्या तोंडाच्या खालच्या कडेला येऊन थांबलं तर स्किमरचं गास्केट (पाणी अडवणारं रबरी सील), रिटर्नच्या लेव्हलला थांबलं तर रिटर्नचं. कुठेच थांबत नाही, उतरतच चाललंय, तर लायनरला खाली कुठेतरी भोक आहे. संशय असेल त्या जागी पाणी स्थिर असताना ड्रॉपरने खायच्या रंगाचे दोन थेंब सोडा, गळती असेल तर रंग सरळ तिकडे ओढला जातो, अगदी डोळ्यांनी दिसतं.

तळाला सुईच्या टोकाएवढी बारीक भोकं सापडली आणि आसपासच्या लॉनमधे लव्हाळा असेल तर ते त्याचंच काम असू शकतं. लव्हाळ्याचे कोंब इतके टोकदार असतात की खालून व्हिनाइल भोसकून वर येतात. अशा वेळी फक्त लायनर बदलून काही होत नाही, खालची जमीन गाठींसकट साफ करावी लागते, नाहीतर पुढच्या वर्षी नव्या लायनरला तेच.

भिंत तपासा, आणि सावकाश तपासा

या कामाला अर्धा दिवस द्या. साधा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, तारेचा ब्रश आणि मोबाईलचा कॅमेरा एवढं पुरे.

सुरुवात स्किमरच्या खालून करायची, बहुतेक भिंतींचा नाश तिथूनच सुरू होतो. भिंतीत मोठं चौकोनी भोक कापलेलं असतं, त्याच्या कापलेल्या कडेला झिंकचं कोटिंग नसतं, आणि गास्केट जुनं झालं की तिथून थेंब थेंब पाणी लायनर आणि पत्रा यांच्यामधे उतरत राहतं. मागच्या वर्षी माझ्या नणंदेकडे बघायला गेले होते. बाहेरून स्किमरखाली फक्त दोन बोटं रुंद तपकिरी ओघळ होता, पत्र्यावरची निळी नक्षी जशीच्या तशी, भावोजी म्हणाले वरून जरा रंग मारला की झालं. मी बोटाने दाबलं तर तिथला पत्रा पापडासारखा कुरकुरला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोकत गेलो तर चांगल्या जागी टणक आवाज येत होता, त्या ओघळाच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत मात्र मऊ, बसका आवाज, आणि टोक टेकवल्यावर जोर न लावता आत गेलं. रंगाखाली लोखंड उरलंच नव्हतं, गंजाचे पोपडेच एकमेकांना धरून होते. आतून लायनरवरून हात फिरवला तर तिथे बारीक खरखरीत उंचवटे लागत होते. म्हणजे बाहेरून दिसणारा गंज आणि खरा गंज यात एवढा फरक असतो. म्हणून बघू नका, ठोका.

मग हीच तपासणी रिटर्नच्या भोवती करा. त्यानंतर भिंतीचा उभा सांधा शोधा, जिथे पत्र्याची दोन टोकं नटबोल्टच्या ओळींनी जोडलेली असतात, बहुतेक एखाद्या खांबामागे लपलेला असतो. तिथले बोल्ट गंजून फुगलेत का, भोकं लांबट झालीत का ते टॉर्च मारून बघा. या सांध्यावर सगळ्या पूलचा ताण येतो. इथे गंज खोलवर गेला असेल तर मी दुरुस्तीचा विचारच करणार नाही, कोणी "वेल्ड करून देतो" म्हणालं तरी.

शेवटी बूड. भिंत ज्या ट्रॅकमधे बसते तिथली माती, पालापाचोळा, मल्च सगळं बाजूला सारून पूर्ण गोल चक्कर मारा. आपल्या हौशी लोकांनी पूलला लागून फुलझाडांचे वाफे केलेले असतात, दिसायला सुंदर, पण ओली माती वर्षानुवर्षं पत्र्याला टेकून राहिली की भिंत खालून खाऊन जाते. मिठाची सिस्टीम (मिठापासून क्लोरीन बनवणारी) असेल तर आणखी बारकाईने बघा, गळणाऱ्या पूलमधे खारं पाणी पत्रा फार पटकन खातं.

निकाल कसा लावायचा? गंज एकाच जागी आहे, तळहाताच्या आत मावेल एवढा आहे, आणि त्याच्या चारी बाजूंना पत्रा टणक आहे, तर दुरुस्त करा. गंज तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी आहे, किंवा बुडाला सलग काही फूट गेलाय, किंवा सांध्यावर आहे, तर भिंत गेली, नवा पूल. नुसता पोचा पडलाय, झाडाची फांदी किंवा बॉल लागून, आणि पत्रा फाटलेला नाही, कोटिंग उडालेलं नाही, तर काहीच करू नका, पाण्याच्या दाबाने थोडा आपोआप बाहेरही येतो.

ओव्हल पूल असेल तर मात्र जास्त कडक राहा. त्याच्या लांब सरळ बाजू गोल भिंतीसारख्या स्वतःला धरून ठेवू शकत नाहीत, त्यांना तिरके लोखंडी टेकू आणि पूलखालून जाणारे पट्टे धरतात. टेकू जमिनीपाशी गंजलेत किंवा बाहेर झुकलेत तर प्रश्न संपला. खालचे पट्टे बघायलाच सगळा पूल उचकटावा लागतो, त्यात दुरुस्ती परवडत नाही.

लेव्हल

हे सोपं आहे. पाण्याची पातळी ते वरच्या रेलची खालची कड हे अंतर टेपने सहा-आठ ठिकाणी मोजा. एक इंचापर्यंत फरक असेल तर चिंता नाही. दोन इंचांच्या पुढे गेला तर पूल एका बाजूला खचतोय, त्या बाजूच्या भिंतीवर जास्त दाब येतोय. भरलेला पूल जॅक लावून वगैरे सरळ होत नाही, खोलून जमीन पुन्हा लेव्हल करावी लागते. पूल आठ-दहा वर्षांच्या पुढचा असेल तर खोललेली भिंत पुन्हा धड उभी राहीलच असं नाही, म्हणून जास्त कललेला जुना पूल मी बदलण्याच्या खात्यात टाकते.

कुठलं नुकसान किती गंभीर

लायनरला दोन-चार इंचांची चीर: पाण्याखाली चिकटणारं पॅच किट आणा, पॅचचे कोपरे गोल कापा म्हणजे निघत नाहीत, चिरेच्या चारी बाजूंना निदान दोन इंच पुढे जाईल एवढा मोठा घ्या. लायनर वरच्या पट्टीतून निसटलाय: ऊन असलेल्या दिवशी कोमट-गरम पाणी ओतून मऊ करा आणि परत दाबून बसवा. पण पाण्याच्या रेषेवरचा भाग कडक झालाय, चिमटीत धरून वाकवला की बारीक भेगा दिसतात, तर त्याचं आयुष्य संपलं. लायनर साधारण सहा ते दहा वर्षं टिकतो, ते पूल मरण्याचं लक्षण नाही, ठराविक वर्षांनी येणारा खर्च आहे. आणि लायनर काढला की भिंत आतून उघडी दिसते, अशी संधी पुन्हा सहा-आठ वर्षं येत नाही, त्या दिवशी घरीच थांबा आणि इन्स्टॉलरने नवा लायनर टाकायच्या आत स्वतः सगळी भिंत बघा, फोटो काढा.

वरच्या रेल, रेलच्या सांध्यांवरच्या टोप्या, खांब: बर्फाच्या वजनाने कव्हर आत खेचलं गेलं की हे वाकतात. एक-दोन असतील तर पार्ट मागवा. अडचण किमतीची नसते, पार्ट मिळण्याची असते, मॉडेल बंद झालेलं असतं. रेलची लांबी, रुंदी, टोकाचा आकार, एकूण किती रेल आहेत ते मोजून फोटोसकट पार्ट विकणाऱ्याला पाठवा, टोपीच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा नंबर असतो. वरची रिंग निम्म्याहून जास्त वाकलीये आणि पार्ट मिळत नाहीत, तर बदला.

पंप, फिल्टर, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरचा, पाण्याची दिशा बदलणारा) थंडीत पाणी गोठून तडकणं तर नेहमीचंच, त्याचा पूल बदलण्याशी काहीही संबंध नाही. दुकानात गेलात की सगळं एकत्र गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, तिथे सावध राहा.

आता हिशोब

भाव गावागावात बदलतात, पण मला आसपास दिसलेल्या आकड्यांवरून ढोबळ उदाहरण देते, तुम्ही स्वतःची कोटेशनं घालून हेच करा. २४ फुटी गोल पूल, भिंतीला स्किमरपाशी एक बरा होण्यासारखा गंज. नवा लायनर, खालचा पॅड, कडेचा फोमचा कोव्ह (तळ आणि भिंत यांच्या कोपऱ्यातली पट्टी), नवा स्किमर आणि गास्केट, पत्र्याचं ठिगळ, मजुरी असं धरून १,४०० डॉलर. याच्या समोर नवा पूल: किट, जुना काढून नेणं, जमीन, बसवणं, परमिट, वायरिंग धरून ६,५०० डॉलर, जुना पंप-फिल्टर चालू असेल तर तोच वापरायचा. नवा १५ वर्षं चालेल असं धरू, पण मधे त्यालाही एकदा लायनर लागणारच, ते १,२०० धरा. म्हणजे ७,७०० भागिले १५, वर्षाला साधारण ५१३ डॉलर.

आता दुरुस्तीचे १,४०० भागिले ५१३, उत्तर येतं पावणेतीनच्या आसपास. म्हणजे दुरुस्त केलेली भिंत तीन मोसम काढेल असा भरवसा असेल तर दुरुस्ती स्वस्त, दोनच काढेल असं वाटत असेल तर नवा स्वस्त. मला हा हिशोब "निम्म्याहून जास्त खर्च आला तर नवा घ्या" या नेहमीच्या नियमापेक्षा जास्त पटतो, कारण त्या नियमात भिंत अजून किती टिकेल हा मूळ प्रश्नच येत नाही. आणि १६-१८ वर्षांच्या, दोन ठिकाणी ठिगळं लावलेल्या भिंतीवर दीड हजाराचा लायनर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यात दोन खर्च लोक विसरतात. एक डेक. पूलला चिकटून डेक बांधलेला असेल तर नवा पूल त्याच मापाचा आणि उंचीचा लागेल, ५२ इंची भिंतीच्या जागी ४८ इंची आणली की डेक चार इंच वर राहतो, नि मग सुतारकाम. दुसरं परमिट. लायनर किंवा स्किमर बदलायला सहसा परमिट लागत नाही, पण नवा पूल म्हटला की बहुतेक टाउनशिपमधे लागतं, आणि मग आजचे नियम लागू होतात, जुन्या मालकाने वीस वर्षांपूर्वी काय केलं होतं ते चालत नाही. म्हणजे सहसा निदान ४८ इंच उंच अडथळा, आपोआप बंद होऊन लॅच लागणारं गेट, उचलून किंवा कुलूप लावून बंद होणारी शिडी. आणि अमेरिकेत नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या ६८० व्या आर्टिकलप्रमाणे बाँडिंग, म्हणजे पूलची धातूची भिंत, पंप, आसपासची जमीन, पाणी हे सगळं ८ गेजच्या उघड्या तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायचं, जेणेकरून कुठे वीज उतरली तरी दोन वस्तूंमधे फरक राहून माणसाला शॉक बसू नये. हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, इथे ओळखीतला कोणीतरी चालणार नाही. जुन्या पूलला बाँडिंग दिसत नसेल तर दुरुस्तीच्या वेळीच करून घ्या, परमिटवाला विचारो न विचारो.

इन्शुरन्सबद्दल: गंज आणि झीज कव्हर होत नाही हे गृहीत धरा. झाड पडून पूल मोडला तर होमओनर्स पॉलिसीत मिळण्याची शक्यता असते. पण बर्फ आणि गोठलेल्या पाण्याच्या दाबाने झालेलं पूलचं नुकसान बऱ्याच स्टँडर्ड पॉलिसींमधे स्पष्ट शब्दांत वगळलेलं असतं, म्हणून क्लेम करायच्या आधी तो परिच्छेद वाचा. वॉरंटीचे कागद जुन्या मालकाने दिले असतील तरी ती अनेकदा पहिल्या मालकापुरतीच असते.

दुरुस्त करायचं ठरलं तर

स्वच्छ ऊन असलेला, वारा नसलेला, २०-२५ डिग्री सेल्सियसच्या पुढचा दिवस धरा, थंडीत लायनर ताणला जात नाही. पाणी काढायच्या आधी काही दिवस क्लोरीन टाकणं बंद करा, आणि ते शेजाऱ्याच्या अंगणात किंवा थेट गटारात सोडू नका, टाउनशिपचा नियम विचारून घ्या. लायनर निघाला की गंज तारेच्या ब्रशने घासून खरं लोखंड दिसेपर्यंत न्या, रस्ट कन्व्हर्टर लावा, वाळू द्या, झिंकचा रंग मारा. मग आतल्या बाजूने ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं ठिगळ, गंजाच्या चारी बाजूंना निदान चार-पाच इंच पुढे जाईल एवढं, कोपरे गोल, कडांवर चांगली टेप, म्हणजे धारदार कड लायनरला कापणार नाही. त्यावरून भिंतीचा फोम लावला तर आणखी चांगलं. स्किमर आणि रिटर्नची गास्केटं नवीच घाला, जुनी "ठीक आहेत" असं कोणीही म्हणालं तरी, कारण भिंत खाल्ली ती त्यांनीच.

पाणी भरताना तळाला काही इंच झालं की थांबून सुरकुत्या पायाने कडेकडे सारा, नंतर त्या निघत नाहीत. ठिगळाची जागा बाहेरून खडूने आखून ठेवा आणि मोसमभर महिन्यातून एकदा तिथे ठोकून बघा. गंज रेषेच्या बाहेर गेला तर तो पूल त्या वर्षीच्या शरदात काढायचा.

नवा घ्यायचं ठरलं तर

मे-जूनमधे इन्स्टॉलर मिळत नाहीत आणि मिळाले तर घाईत काम करतात, त्यामुळे शक्य असेल तर उन्हाळा संपताना ठरवा. कोटेशन घेताना हे प्रश्न विचारा: जमीन उंच बाजू खणून लेव्हल करणार की खालच्या बाजूला माती भरून? उत्तर खणून हेच हवं, भरलेली माती पाणी आल्यावर बसते. खांबांखाली फरशा टाकणार का? वाळू किती इंच? जुना पत्रा आणि लायनर कोण नेणार? परमिट कोण काढणार, कोणाच्या नावावर? बाँडिंग कोटेशनमधे आहे का? जो या प्रश्नांना वैतागतो त्याला काम देऊ नका.

भिंत पत्र्याची घ्यायची की रेझिनची, यावर माझं मत असं की मिठाची सिस्टीम लावणार असाल तर टॉप रेल, खांब, ट्रॅक निदान रेझिनचे घ्या. बाकी पत्र्याची चांगल्या कोटिंगची भिंत, बुडाशी माती न लावता आणि गास्केटं वेळेवर बदलत ठेवली, तर भरपूर चालते.

आणि एक तिसरा पर्याय आहे तोही मोकळेपणाने घरात बोला. मुलं कॉलेजला गेली, मागच्या उन्हाळ्यात पूलमधे कोणी उतरलंच नाही, तरी दर आठवड्याला क्लोरीन नि व्हॅक्यूम तुमच्याच गळ्यात आहे, तर भिंत गेलेला पूल काढून टाकणं हाही चांगला निर्णय आहे. अबव्ह-ग्राउंड पूल काढला की खाली वाळूचा गोल उरतो, ती वाळू उचलायची, चांगली माती घालायची, सप्टेंबरमधे गवताचं बी टाकायचं. पंपाची वीजजोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडून पॅनेलपासून बंद करून घ्या, आणि मूळ पूलला परमिट असेल तर टाउनशिपला तो काढल्याचं कळवा, म्हणजे पुढे घर विकताना रेकॉर्डवर नसलेल्या पूलची चौकशी होत बसणार नाही.